जर्मन वही आणि मराठी नग

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नवी लाल वही पुजतात, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात आणि मग पेढीचा सारा संसार त्या वहीत सुरू होतो. अलीकडे पुष्कळ दुकानांतून वहीच्या जोडीने संगणकाच्या कळफलकालाही हळदकुंकू मिळते. मोठ्या कारखान्यांची मात्र पंचाईत आहे. पुजावयाची म्हटली तरी वही सापडत नाही. ती असते एखाद्या कुलूपबंद, थंडगार खोलीतील कपाटाएवढ्या यंत्रात. पुष्कळदा तर ती खोलीही कारखान्यात नसते, शेकडो मैल दूर भाड्याने घेतलेली असते. आणि तरीही गेटवर ट्रक आला, भांडारातून चार बोल्ट बाहेर गेले, कुणाचा पगार झाला, की प्रत्येक वेळी याच वहीत नोंद होते.

ही वही विकत मिळते, पण घरी आणून उघडली आणि लिहायला बसलो, असे होत नाही. ती ‘बसवावी’ लागते आणि बसविण्याला महिनेच्या महिने लागतात. मी महाविद्यालयात मराठी शिकविते. लोखंडाशी माझा संबंध तव्यापुरता. पण माझा एक जुना विद्यार्थी (वाणिज्य शाखेचा, मराठी त्याला सक्तीचे होते म्हणून माझ्या वाट्याला आलेला) या बसविण्याच्या धंद्यात पडला आहे. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. “मॅडम, चाकणकडे एका कारखान्यात काम चालू आहे. भांडारातल्या माणसांसाठी मराठीत टिपणे हवीत. आम्ही लिहिलेली त्यांना कळत नाहीत, आणि खरे सांगू का, आम्हालाही कळत नाहीत.” एवढा प्रामाणिकपणा परीक्षेच्या पेपरात त्याने कधी दाखविला नव्हता. मी हो म्हटले, आणि पुढचे आठ महिने माझे बहुतेक शनिवार वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या त्या कारखान्यात गेले. कारखान्याचे नाव सांगण्याची गरज नाही.

प्रथम ही वही म्हणजे काय ते सांगते. एकत्र कुटुंबात सासूबाईंनी डब्यातून दोन शेर तांदूळ काढले, की त्याच क्षणी थोरल्या मुलाच्या खिशातील वाणसामानाच्या यादीत तांदूळ वाढले आणि मामंजींच्या जमाखर्चातही ते आपोआप उतरले, तर काय होईल याची कल्पना करा. या प्रणालीचे सूत्र तेच. भांडारपालाने माल उतरवून घेतल्याची एक नोंद केली की शिल्लक वाढते, हिशेबखात्यात पुरवठादाराचे देणे दिसू लागते आणि खरेदीवाल्याला त्याची मागणी पुरी झाल्याचे कळते. तीन खात्यांनी तीन वह्यांत तीन वेळा लिहावयाचे नाही. एकाने एकदाच लिहावयाचे. यालाच ईआरपी असे नाव आहे. यातली सर्वांत प्रसिद्ध प्रणाली जर्मनांची. तिचे नाव एस्-ए-पी. कंपनीचा आग्रह ही अक्षरे सुटी उच्चारण्याचा. पण आपल्याकडचे लोक सरळ ‘सॅप’ म्हणून मोकळे होतात.

१९७२ साली पश्चिम जर्मनीत आय.बी.एम. कंपनीतल्या पाच जणांनी नोकरी सोडून हा धंदा सुरू केला. डीटमार हॉप आणि हासो प्लाटनर ही त्यांतली दोन नावे पुढे फार गाजली. पहिले गिऱ्हाईक मिळाले ते ओस्ट्रिंगन गावातला आय.सी.आय. कंपनीचा नायलॉनचा कारखाना. गंमत म्हणजे या पाच जणांपाशी स्वतःचा संगणकच नव्हता. गिऱ्हाइकाचा संगणक रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मोकळा असे, त्यावर ते काम करीत. तोवरची पद्धत अशी, की दिवसभराच्या नोंदी भोके पाडलेल्या कार्डांवर घ्यावयाच्या आणि त्यांचा गठ्ठा एकदम यंत्राला भरवावयाचा. कालचा हिशेब आज कळावयाचा. यांनी म्हटले, नोंद पडद्यावर करा आणि हिशेब तत्क्षणी पाहा. आज चहाच्या टपरीवरही पैसे मिळाल्याची वर्दी यंत्र मोठ्याने देते, तेव्हा यात आपल्याला नवल वाटत नाही. पण त्या काळी ती मोठी झेप होती. १९९२ साली त्यांची ‘आर-थ्री’ नावाची आवृत्ती निघाली. एका अजस्र संगणकाऐवजी लहान सर्व्हरांवर ती चाले, आणि तिच्यासकट ही जर्मन वही जगभर पसरली.

जर्मन हे विशेषण मी उगाच लावीत नाही. पडद्यावर सारे इंग्रजी दिसते, पण एक कळ दाबून आत डोकावले की रकान्यांची मूळ नावे दिसतात आणि ती अजून जर्मन आहेत. गिऱ्हाइकाच्या क्रमांकाचे नाव ‘कुनर’, कारण जर्मनीत गिऱ्हाईक म्हणजे ‘कुंडे’. पुरवठादाराचे ‘लिफनर’, कारण तो ‘लिफेरांट’. मालाच्या नगाला जर्मनीत ‘श्ट्यूक’ म्हणतात. इंग्रजीत काम करणाऱ्याला पडद्यावर ‘पीसी’ दिसते, पण यंत्राच्या पोटात लिहिले जाते ते ‘एस्-टी’, म्हणजे श्ट्यूकच. आणि सर्वांत मौज नावे-जमेची. नावे टाकल्याची खूण ‘एस्’ आणि जमेची ‘एच्’. एस् म्हणजे ‘झोल’ आणि एच् म्हणजे ‘हाबेन’. आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘झोल’ कशाला म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहेच. कारखान्याच्या हिशेबनिसांना मी हा उच्चार सांगितला तेव्हा त्यांना हसू आवरेना. पुढचा आठवडाभर प्रत्येक नावेची नोंद झोल म्हणूनच झाली.

मला याचे आश्चर्य वाटले नाही. शिवाजी महाराजांनी फारसी शब्द काढून संस्कृत शब्द रूढ व्हावेत म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, आणि तरी हिशेब, जमा, खर्च, बाकी, तारीख हे शब्द आपल्या दप्तरात ठाण मांडून आहेतच. दप्तर हाही त्यांतलाच. कारभाराचे शब्द एकदा मुरले की निघत नाहीत. असो.

आता सर्व्हर. आमच्या कारखान्याने यंत्रे घरातच ठेवली होती, जिन्याखालच्या एका खोलीत. मला वाटले होते, एक यंत्र असेल. होती तीन. विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, एक कच्ची वही, एक तपासणीची आणि एक पक्की.” कच्चीत काय हवे ते करून पाहावे. जमले की तो बदल गाठोड्यात बांधून तपासणीच्या यंत्रावर न्यावयाचा. तिथे हिशेबनीस, भांडारपाल वगैरे मंडळी तो वापरून पाहणार. त्यांनी मान डोलाविली की तेच गाठोडे जसेच्या तसे पक्क्या यंत्रावर. पक्क्या वहीचे नियम तिथल्या तिथे बदलण्याची मुभा कुणालाच नाही, खुद्द बसविणाऱ्यालाही नाही. ही शिस्त पाहून मला फार बरे वाटले. आमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमालाही असे मधले यंत्र असते तर!

प्रत्येक यंत्रावर प्रथम लिनक्स, मग हाना नावाचा डेटाबेस आणि त्यावर प्रणाली, अशी थरावर थर मांडणी असते. बसविताना प्रत्येक यंत्रणेचे तीन अक्षरी नाव ठेवावे लागते. हे बारसे विचारपूर्वक करावे लागते, कारण पुढे नाव बदलणे म्हणजे घराचा पाया हलविण्यासारखे. काही नावे निषिद्धही आहेत. त्यांत खुद्द ‘एस्-ए-पी’ हेही आले. सासरच्या कुणाचे नाव घ्यावयाचे नाही, तशातला प्रकार.

हानाची तऱ्हा अशी, की ती सारी वही तबकडीवर न ठेवता यंत्राच्या चालू स्मरणात उघडी ठेवते. म्हणून वेग विलक्षण. पण आपल्याकडे मनात पहिला प्रश्न येतो तो मी विचारला, “अरे, वीज गेली तर?” चालू स्मरण म्हणजे खडूने फळ्यावर लिहिलेले, वीज गेली की पुसले. उत्तर असे की, नोंद पक्की झाल्याचे सांगण्यापूर्वीच तिची एक ओळ तबकडीवरच्या रोजकीर्दीत लिहून ठेवलेली असते; शिवाय दर पाच मिनिटांनी साऱ्या बदललेल्या पानांची नक्कल तबकडीवर उतरते. वीज आली की शेवटची नक्कल घ्यावयाची आणि रोजकीर्दीतून पुढचे भरून काढावयाचे. आपले जुने दिवाणजी याहून वेगळे काय करीत होते? रोजकीर्द आधी, खतावणी मागून!

हे सारे तांत्रिक काम चांगल्या माणसांच्या हातून काही आठवड्यांत उरकते. खरा काळ जातो तो पुढच्या भागात. प्रणाली कोरी येते आणि हजारो प्रश्न विचारते. तुमचे वर्ष कधी सुरू होते? (जर्मनांनी याची तयार उत्तरे ठेवली आहेत, एप्रिल ते मार्च या वर्षाला ‘व्ही-३’ म्हणतात, ते निवडले की झाले. दिवाळी पाडव्याचे वर्ष मात्र यादीत नाही.) तुमचे कारखाने किती, गोदामे किती, कोणाच्या सहीशिवाय किती रुपयांची खरेदी होऊ नये? अशा प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी सगळी खाती एका टेबलाभोवती बसतात आणि तेव्हा कळते की वीस-वीस वर्षे शेजारी काम करणारी माणसे एकच शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरीत आहेत. ‘माल तयार’ म्हणजे उत्पादनखात्याच्या मते यंत्रावरून उतरलेला, तपासणीखात्याच्या मते शिक्का मारलेला आणि विक्रीखात्याच्या मते ट्रकमध्ये चढलेला. त्या एका शब्दावर आमचे दोन शनिवार गेले. तोवर मला हा अभियंत्यांचा प्रांत वाटत होता. त्या दिवसापासून तो माझाही वाटू लागला.

तिसऱ्या महिन्यात निघाला बोल्टचा प्रश्न. प्रत्येक वस्तूचे एक मूळ मापाचे एकक ठरवावे लागते: किलो, मीटर, नग, काय असेल ते. एकदा त्या वस्तूची शिल्लक वहीत चढली की हे एकक बदलता येत नाही. वस्तूला नवा क्रमांक देऊन नवा संसार मांडावा लागतो. बोल्ट विकत येतात किलोवर आणि कारखान्यात दिले जातात नगावर. बसविणाऱ्यांनी ठरविले: मूळ एकक किलो, आणि एका किलोत ४२ नग असे कोष्टक घालावयाचे. सर्वांनी माना डोलाविल्या. मागे भिंतीशी भांडारातले काका बसले होते. निवृत्तीला वर्ष उरलेले, कारखान्यात सर्वजण त्यांना काकाच म्हणतात. ते म्हणाले, “बेचाळीस कुणाचे?”

कुणालाच प्रश्न कळला नाही. काकांनी खिशातून एक फुगलेली, रबर लावलेली डायरी काढली. एका पुरवठादाराच्या किलोत ४२ नग बसतात, दुसऱ्याच्या किलोत ४४. दोघांचे बोल्ट मापात बरोबर, पण डोके किंचित कमी-जास्त, मुलाम्याचा थर वेगळा. विद्यार्थ्याने फळ्यावर हिशेब मांडला. दुसऱ्याकडून ५०० किलो घेतले तर वही सांगणार २१,००० नग आणि खणात असणार २२,०००. हे एक वेळ परवडले. कोष्टकात ४४ घातले आणि माल पहिल्याकडून आला, तर वहीत हजार नग असे दिसणार जे जगात नाहीतच. आणि खरेदी केव्हा करावयाची हे पुढे प्रणालीच ठरविणार. तिचा विश्वास वहीवर, खणावर नाही. वहीत बोल्ट आहेत म्हणून ती मागणी नोंदविणार नाही आणि एका सकाळी जुळणीची रांग उभी राहील.

शेवटी मूळ एकक नग ठरले. मागणी नगांत द्यावयाची, भाव किलोवर ठेवावयाचा, आणि माल उतरताना वजन व मोजलेले नग असे दोन्ही आकडे लिहावयाचे. प्रणालीत याची सोय पहिल्यापासून होती. पण ती हवी आहे हे सांगणारा माणूस भिंतीशी बसला होता आणि त्याला बैठकीचे बोलावणेही नव्हते. तो चहाची सही घ्यायला आला होता.

पुढचे चार शनिवार मी काकांच्या शेजारी बसून डायरी उतरवून घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी ती हातात दिली नाही. स्वतः वाचीत आणि मी लिही. मधेच थांबून म्हणाले, “बाई, हे सगळं यात गेलं की मग माझं काय काम?” मी काय सांगणार? त्यांना वर्षभरात निवृत्त व्हावयाचेच होते. पण हाताखालच्या दोघा पोरांनाही हाच प्रश्न होता आणि त्यांच्यापुढे तीस वर्षे होती. व्यवस्थापकांनी कुणाला कमी करणार नाही असे सांगितले होते. तोंडी.

या क्षेत्रातल्या माणसांना एक गोष्ट तोंडपाठ असते, ती विद्यार्थ्याने मला त्याच सुमारास सांगितली. अमेरिकेत पेन्सिल्व्हानियात हर्शी नावाची प्रख्यात चॉकलेट कंपनी आहे. तिने १९९९ साली हीच प्रणाली आणि तिच्या जोडीला आणखी दोन कंपन्यांची सॉफ्टवेअरे एकदमच सुरू केली. एप्रिलमध्ये व्हावयाचे ते लांबून जुलैत झाले. आणि त्यांच्या ‘हॅलोवीन’ या ऑक्टोबरअखेरच्या सणाच्या मागण्या नेमक्या त्याच वेळी येऊ लागतात. आपल्याकडे दिवाळीच्या आठवड्यात मिठाईवाल्याचा तराजू बिघडावा, तसे झाले. गोदामांत चॉकलेट होते, दुकानदार मागत होते, आणि माल हलत नव्हता. सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या पुऱ्या होऊ शकल्या नाहीत. त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. पुढे जी कारणे छापून आली त्यांत एक असे: गर्दीच्या हंगामात जादा माल मिळेल त्या जागी रचून ठेवण्याची तिथल्या माणसांची जुनी सवय होती, आणि त्या जागा नव्या वहीत कुणी लिहिल्याच नव्हत्या. माणसांना ठाऊक होते, यंत्राला नव्हते. त्याच कंपनीने २००२ साली याच प्रणालीची पुढची आवृत्ती सुरळीत बसविली, हेही सांगितले पाहिजे; दोष सगळा यंत्रावर टाकणे सोपे असते.

आमच्या कारखान्याने सणासुदीचे दिवस टाळून १ ऑक्टोबरच्या आधीची शनिवार-रविवारची सुट्टी आणि सोमवार असे तीन दिवस निवडले. यंत्रे बंद, सारे भांडार मोजले. एक मोजी, दुसरा पुन्हा मोजी, तिसरा आकडा चढवी. हिशेबखात्याने जुन्या वहीतल्या बाक्या नव्या वहीत नेल्या. मध्यरात्री दोन्हीकडची बेरीज जुळली तेव्हा कुणीतरी वडापाव आणले. मी घरी होते, पण फोटो आला.

पहिला ट्रक भरला सकाळी साडेअकराला. माल जावयाचा होता एका मोठ्या वाहन-कारखान्यात. असे कारखाने सुट्या भागांचा साठा करीत नाहीत. दुसऱ्या पाळीला लागणारा माल दुपारी आला पाहिजे, नाही तर त्यांची रांग थांबते आणि दंड पुरवठादाराला. बिल निघाले, पण ठरावीक किमतीवरच्या मालाला सरकारचे ई-वे बिल लागते, ते काही केल्या निघेना. सरकारी यंत्र नुसते नाकारी. बारा वाजले, एक वाजला. ड्रायव्हरने सावलीत सतरंजी पसरली. रवानगीचा कारकून घायकुतीला येऊन म्हणाला, “साहेब, जुना संगणक चालू आहे अजून. त्याच्यावरनं बिल फाडतो आणि गाडी सोडतो!” व्यवस्थापकांचा चेहरा असा झाला की ते आता हो म्हणणार. विद्यार्थी आडवा आला. एक ट्रक जुन्या वहीतून गेला की नव्या वहीतली शिल्लक त्या क्षणापासून खोटी. दुसऱ्या ट्रकला तेच कारण मिळणार, आणि संध्याकाळपर्यंत दोन वह्या. तीन दिवस मोजलेले सारे पाण्यात.

अडीच वाजता दोष सापडला. पाकिटावर आपण पिनकोड तीन आकडे, मधे मोकळी जागा, मग तीन आकडे असा लिहितो. जुन्या संगणकात तो तसाच लिहिलेला होता आणि नव्या वहीत तसाच आला होता. सरकारी यंत्राला सहा आकडे सलग हवे होते. ती एक रिकामी जागा पुसली. सगळ्याच गिऱ्हाइकांच्या पत्त्यांतून पुसली. तीन वाजून दहा मिनिटांनी ट्रक सुटला. दंड बसला नाही. पलीकडे कुणीतरी ओळखीच्याने अर्धा तास सांभाळून घेतले.

पहिले दोन महिने वाईट गेले. पूर्वी पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला वीस मिनिटे लागत. पोरे पडद्यावर चिडत. तिसऱ्या महिन्यात हिशेबखात्याने महिनाअखेर चार दिवसांत उरकली, तिला पूर्वी बारा दिवस लागत. हाताखालची दोन्ही पोरे कामावर आहेत; एकाला आता खरेदीखात्यातले लोक फोन करून विचारतात, कारण कोणती वस्तू कुठल्या नावाने नोंदली आहे हे त्याला पाठ आहे. काका जूनमध्ये निवृत्त झाले. डायरी त्यांनी घरी नेली, नक्कल भांडारात आहे.

माझी टिपणे बत्तीस पानांची झाली. त्यांतली एक ओळ काकांनी सांगितली तशीच ठेवली आहे: ‘नवा पुरवठादार आला की शंभर नग काट्यावर घालायचे, मगच आकडा टाकायचा.’ मार्चअखेर बोल्टचे खण पुन्हा मोजले तेव्हा वही आणि खण यांत एकशेबारा नगांचा फरक आला. साठ नग रंगखात्यात बाकाखालच्या एका डब्यात सापडले. बाकीचे शोधताहेत.